हशाची वाट पाहणारा नोकर

बुधवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. मार्न नदीकाठच्या स्टुडिओत, रंगभूषेच्या खोलीत, ओक्ताव्ह ब्रिव्हाल आरशासमोर बसून स्वतःचं तोंड स्वतः रंगवत होता. त्याला साडेअकराला बोलावलं होतं. तो आधी आला, कारण रंगभूषा करणाऱ्या बाई यायच्या आत काम उरकायचं होतं. गालांवर नाटकाच्या डबीतला विटकरी रंग, डोळ्यांखाली काजळाच्या दोन रेघा, कल्ल्यांवर पांढरी पूड. हा चेहरा त्यानं तीन हिवाळे रोज रात्री लावला होता आणि त्यात बदलण्याजोगं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. स्वतःत बदलण्याजोगं काही आहे, असं ब्रिव्हालला कधीच वाटलेलं नाही.

"बाबा ब्रिव्हाल, पुन्हा?" रंगभूषेची इरेन कोट काढता काढताच म्हणाली.

"हा चेहरा अख्ख्या पॅरिसनं पाहिलाय, बाई."

"अख्ख्या पॅरिसनं बाराव्या रांगेतून पाहिला. कॅमेरा इथं असतो." तिनं तळहात त्याच्या नाकासमोर धरला. "इतक्या जवळून तुम्ही नोकर दिसत नाही, उकडलेला खेकडा दिसता. मान वर करा."

"तुझ्या गळ्यातला तो हिरवा रुमाल आधी काढ. नाटकवाल्यांसमोर हिरवं घालत नाहीत, अपशकुन असतो."

"नाटक कुठाय इथं? असलंच तर ते डब्यात भरायचं काम चाललंय," असं म्हणत तिनं मलमाचा बोळा त्याच्या गालावरून फिरवला आणि तीन हिवाळे पुसून टाकले.

ब्रिव्हाल छप्पन्न वर्षांचा आहे. लिमोजमधल्या एका हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा. विसाव्या वर्षी एका फिरत्या नाटकमंडळीबरोबर पळाला आणि त्याला शोधायला कुणी गेलं नाही. तेव्हापासून त्यानं नोकर, पोस्टमन, शिपाई आणि हॉटेलातले वेटर केले. त्याचं काम वाईट झालं असं कुणी म्हणत नाही. चांगलं झालं असंही कुणी म्हणत नाही. त्याच्याकडे एकच गुण होता आणि तो व्यवसायातल्या सगळ्यांना माहीत होता: ब्रिव्हाल हशा चोरायचा.

पॅरिसच्या हलक्याफुलक्या नाटकांच्या जगात हशा ही खासगी मालमत्ता असते. ज्याच्या वाक्यावर आला, त्याचा. त्या वेळी बाकीच्यांनी हलायचं नाही, खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. ब्रिव्हाल नेमका तेव्हाच पेला पुसायचा. पुसायचा, उजेडात धरून बघायचा, पुन्हा पुसायचा. नायकाचं वाक्य हवेत असताना प्रेक्षागृह नोकराच्या पेल्याकडे बघून हसायचं. एका चिडलेल्या नायकानं एकदा त्याचा ट्रे चहाच्या छोट्या टेबलाला डिंकानं चिकटवून ठेवला. ब्रिव्हालनं टेबलासकट ट्रे उचलला, तसाच विंगेत गेला आणि टाळी घेतली. ही गोष्ट तो अजून सांगतो. त्या नायकाचं त्या रात्रीचं सर्वात मोठं भाषण वाया गेलं, हे तो सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो मुद्दाच नाही.

ज्या नाटकानं त्याला तीन हिवाळे पोसलं, त्याचं नाव 'आत्याला ऐकू येत नाही'. बटणांच्या एका कारखानदाराचं घर. घरातली म्हातारी आत्या बहिरी आहे असं सगळे धरून चालतात आणि तिच्यासमोर सगळं बोलतात: मुलीचं प्रकरण, बायकोचं प्रकरण, कारखानदाराची दोन प्रकरणं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी सगळे एकमेकांवर ओरडत असताना विणत बसलेली आत्या मान वर करते आणि म्हणते, "मी बहिरी नाही. तुमचं बोलणं ऐकण्यासारखं नव्हतं, एवढंच." नाटकातला सर्वात मोठा हशा तो. लेखकानं पडदा तिथंच पाडला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात ब्रिव्हालनं पडदा पुढं ढकलला. आत्याच्या वाक्यावरचा हशा उतरता उतरता तो ट्रे घेऊन दाराशी जायचा, वळायचा आणि म्हणायचा, "सूप गार झालंय. पुन्हा गरम करू, की अजून कुणी बोलायचं राहिलंय?" आणि जायचा. टाळ्या पडायच्या. हे वाक्य लेखकाचं नव्हतं. लेखक एकदा येऊन भांडून गेला. मग त्यानं तिकीटखिडकी पाहिली आणि पुन्हा आला नाही.

आत्याचं काम ओर्तांस लाकाझ करायची. एकसष्ट वर्षांची, बारीक, कुणाशी न भांडणारी बाई. आपल्या हशाच्या शेपटीला रोज रात्री एक नोकर लटकतो, हे तिनं दोन हिवाळे सोसलं. विचारलं तर म्हणायची, "त्याच्याकडे दुसरं काही नाहीये."

मग सिनेमावाले आले. नायक बदलला, नायिका बदलली, बटणांच्या कारखानदाराच्या जागी पोस्टरवर शोभेल असा चेहरा आला. नाटकातले दोघेच राहिले. आत्या व्हायला कुणी प्रसिद्ध नटी तयार होईना, म्हणून ओर्तांस. आणि नोकर बदलायचा राहूनच गेला, म्हणून ब्रिव्हाल. तो स्वतः हे वेगळ्या पद्धतीनं सांगतो.

दिग्दर्शक देलमोत. त्याला नाटकांचा तिटकारा होता आणि गेली सहा वर्षं तो नाटकांवरचेच चित्रपट काढत होता. हे का, असं कुणी विचारलं तर तो खांदे उडवायचा. पटकथेतून त्यानं ब्रिव्हालचं सूप पहिल्याच दिवशी काढून टाकलं. चित्रपट आत्याच्या वाक्यावर संपणार होता.

ब्रिव्हाल तीन आठवडे निर्मात्याच्या मागं लागला. जिन्यात गाठायचा, मोटारीच्या दाराशी गाठायचा. शेवटी निर्मात्याच्या बायकोला आठवलं, की नाटक पाहताना त्या सुपाच्या वाक्याला आपण हसलो होतो. निर्मात्यानं देलमोतला निरोप धाडला: एकदा घेऊन बघ. जमलं तर ठेव.

तोवर ब्रिव्हालनं पॅरिसच्या बातिन्योल वस्तीतल्या आपल्या कोपऱ्यावरच्या कॅफेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की चित्रपटाचा शेवट तोच करणार आहे. शेवटचा चेहरा त्याचा. त्यानंतर 'समाप्त'. कोळसेवाला, न्हावी, कॅफेचा मालक, सगळे चित्रपट लागला की एकत्र जाणार होते. ब्रिव्हालची बायको फेर्नांद ज्या इमारतीची देखरेख करते, तिथल्या भाडेकरूंनाही त्यानं जिन्यात थांबवून सांगितलं होतं. सोळा वर्षं तो इमारतीच्या दाराशी तिला मिळालेल्या खोलीत राहतो आहे आणि तिचं खातो आहे. भाडेकरू त्याला 'बाईंचा नवरा' म्हणतात. त्या शेवटच्या चेहऱ्यानंतर त्यांना त्याचं नाव ठाऊक होणार होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, आणि त्यासाठी तो वाटेल ते करायला तयार होता. किती वाटेल ते, हे त्या बुधवारी कळलं.

बुधवार हा त्या सेटचा शेवटचा दिवस. कारखानदाराच्या दिवाणखान्याची जागा दुसऱ्या चित्रपटाला दिलेली होती. फ्रेंच स्टुडिओत काम दुपारी बाराला सुरू होतं आणि साडेसातला घंटा झाली की थांबतं. घंटेनंतर दिवेवाले तुमच्यासाठी एक तारही हलवत नाहीत. देलमोतनं आधी बाकीची सगळी कामं उरकली. पाच वाजून गेल्यावर तो ब्रिव्हालकडे वळला.

"हं, मोस्यू ब्रिव्हाल. तुमचं सूप."

ब्रिव्हालनं ट्रे उचलला. ओर्तांस खुर्चीत लोकर घेऊन बसली. बाकीची मंडळी आपापल्या जागी. लाल दिवा लागला, पाटी वाजली.

ओर्तांसनं मान वर केली. "मी बहिरी नाही. तुमचं बोलणं ऐकण्यासारखं नव्हतं, एवढंच."

ब्रिव्हाल दाराशी गेला. वळला. आणि उभा राहिला.

चाळीस माणसं सेटवर होती आणि एकही श्वास ऐकू येत नव्हता. ध्वनिमुद्रण चालू असताना यायलाही नको. कॅमेरा आवाज दाबणाऱ्या आच्छादनात चालत राहिला. ब्रिव्हाल उभाच. तोंडावर तीच अर्धी हसरी नोकराची घडी, हातात ट्रे, डोळे कुठंच नाहीत. फिल्म संपत आली तसा देलमोत म्हणाला, "कट. काय झालं?"

"काही नाही. मी थांबलो होतो."

"कशासाठी?"

उत्तर दिव्यांच्या मचाणावरून देदे नावाच्या दिवेवाल्यानं दिलं. "हशासाठी थांबलेत ते! आत्याबाई बोलल्या, आता पब्लिक हसेल, मग हे बोलणार. बाबा ब्रिव्हाल, तिकिटं विकायची राहिली वाटतं!"

देदेनं गंमत केली, पण निदान बरोबर होतं. रंगमंचावरच्या नटाला वाक्य केव्हा टाकायचं हे घड्याळ सांगत नाही, हशा सांगतो. हशा चढतो, माथ्यावर येतो, उतरायला लागतो. अर्ध्यावर आला की बोलायचं. त्याआधी बोललात तर ऐकू येत नाही, त्यानंतर बोललात तर वाक्य मेलेलं निघतं. ब्रिव्हालनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या हशावर पाय ठेवून उडी मारली होती. इथं पाय ठेवायला काही नव्हतं.

दुसऱ्या टेकला तो घाईनं बोलला. 'एवढंच' हा ओर्तांसचा शब्द त्याच्या सुपाखाली गेला. तिसऱ्या टेकला पुन्हा पुतळा. चौथ्याला तो "सूप" म्हणाला आणि थांबला, जणू तेवढ्यावरच कुणी हसेल.

"मोस्यू देलमोत, एक विनंती," तो म्हणाला. कपाळावरून घाम आणि इरेनचा रंग एकत्र उतरत होता. "मंडळींनी हसावं. आवाज न करता. नुसते खांदे हलवायचे. मला दिसलं की पुरे."

"आवाज न करता हसा!" देदे वरून ओरडला. "पगार मिळाल्यावर तसंच हसतो आम्ही!"

यावर मात्र सगळे आवाज करून हसले. ब्रिव्हालनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो ओर्तांसकडे वळला आणि दबक्या आवाजात, पण ध्वनिमुद्रकाच्या कानात जाईल इतपत मोठ्यानं म्हणाला, "तू वाक्य पाडतेस, ओर्तांस. थिएटरात तू वर न्यायचीस. इथं पाडतेस. मग मी काय करणार?"

"बरं," ओर्तांस म्हणाली.

देलमोतनं सिगारेट पेटवायला पाच मिनिटांची सुट्टी दिली. ओर्तांस लोकर मांडीवर ठेवून तशीच बसली होती. तिनं ब्रिव्हालला बोटानं जवळ बोलावलं.

"ऐक. हशा कुठवर जातो ते मला माहीत आहे. माझाच आहे तो. मी वाक्य बोलल्यावर सुया थांबवून ठेवीन. हशा अर्ध्यावर उतरला असता तेव्हा पहिला टाका घालीन. सुई हलली की तू बोल."

"आणि मी तुझ्याकडे बघत राहू?"

"दाराशी वळलास की मी समोरच असते की. दोन हिवाळे वळतोयस, कधी पाहिलं नाहीस?"

पाचवा टेक. ओर्तांस बोलली. सुया थांबल्या. खोलीत काहीच नव्हतं, तरी तिचा चेहरा पाहणाऱ्याला वाटावं की समोर सातशे माणसं हसताहेत आणि ही बाई ती शांत व्हायची वाट बघते आहे. मग उजवी सुई हलली. ब्रिव्हाल म्हणाला, "सूप गार झालंय. पुन्हा गरम करू, की अजून कुणी बोलायचं राहिलंय?" आणि गेला. दार मागं बंद झालं.

"कट," देलमोत म्हणाला. "चांगलं आहे. मला आवडत नाही, पण चांगलं आहे. राहू द्या."

म्हणजे झालं होतं. शेवटचा चेहरा ब्रिव्हालचा, त्यानंतर 'समाप्त'. कोळसेवाला, न्हावी, भाडेकरू, सगळे. माणसानं ट्रे ठेवावा, कोट घालावा आणि पॅरिसला बास्तीय स्थानकावर जाणारी गाडी पकडावी, एवढंच उरलं होतं. ब्रिव्हालनं ट्रे ठेवलाही. त्याचं दुर्दैव असं, की त्याच वेळी कॅमेरावाला भिंगावर झाकण बसवता बसवता देलमोतला म्हणाला, "सुई झकास होती. सगळे उघडे पडलेत आणि म्हातारी विणायला लागते. नजर तिथंच जाते."

ब्रिव्हाल जागच्या जागी थांबला. नजर तिथंच जाते. हे वाक्य त्यानं तीस वर्षं स्वतःबद्दल ऐकायची सवय लावून घेतली होती. आपल्या वाक्यावर कुणीतरी हललं होतं. त्याच्यासाठी, त्याला वाचवायला, पण हललं होतं. आणि लोकांची नजर तिकडं जाणार होती.

तो देलमोतकडे गेला.

"मोस्यू देलमोत, तो टेक चालणार नाही."

"का?"

"मी भिंगाकडे पाहिलं."

यासारखं दुसरं कारण नाही. नट कॅमेऱ्याच्या भिंगात पाहतो तेव्हा पडद्यावर तो प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहतो, आणि सगळा दिवाणखाना पुठ्ठ्याचा होऊन जातो. असा टेक कुणी छापत नाही, म्हणजे तो पडद्यावर जातच नाही. ब्रिव्हालनं भिंगाकडे पाहिलं नव्हतं. तो सुईकडे पाहत होता.

"मला नाही दिसलं," कॅमेरावाला म्हणाला.

"क्षणभरच. पण नटाला कळतं."

देलमोतनं घड्याळ पाहिलं. सातला दहा मिनिटं कमी होती. "छापू नका तो," तो सहायकाला म्हणाला. "पुन्हा घेऊ."

"मला एकट्यालाच जवळून घ्या," ब्रिव्हाल लगेच म्हणाला. "मादाम लाकाझ दमल्यात. त्यांना कशाला थांबवायचं? त्यांचं वाक्य तर तुमच्याकडे चार वेळा आहे."

हे तो इतक्या काळजीच्या सुरात म्हणाला, की सहायकानं ओर्तांसला खरोखर मोकळं केलं. ती उठली, लोकर पिशवीत घातली आणि कपडे बदलायला गेली. कॅमेरा दाराशी आणला. देदेनं दिवा खाली घेतला. आता चौकटीत ब्रिव्हाल होता, ट्रे होता, दार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशेजारी कुणी नव्हतं, ज्याचं काही घ्यावं.

पुढचं अर्ध्या तासात आटोपलं. सहायकानं कॅमेऱ्यामागून आत्याचं वाक्य सपाट आवाजात वाचलं. ब्रिव्हाल वळला आणि जिथं सुई असायची तिथं त्यानं पाहिलं. तिथं दिव्याचा खांब होता. तो उभा राहिला. पुन्हा. तो लवकर बोलला. पुन्हा. तो उशिरा बोलला, इतका उशिरा की सहायकानं 'कट' आधीच म्हटलं होतं. एकदा त्यानं मनात मोजलेले आकडे ओठांवर दिसले. "बाबा ब्रिव्हाल," देदे वरून म्हणाला, या वेळी जरा हळू, "बोलून टाका हो. कुणी हसणार नाहीये."

मग एकदा त्यानं सगळं वेळेवर केलं, आणि करता करता सरळ भिंगात पाहिलं.

घंटा झाली. वरचे दिवे एकेक करून विझले. दिवाणखाना क्षणात लाकूड आणि कापड झाला. ओर्तांस कोट-टोपी घालून सेटच्या कडेला आली होती; बाहेर जायची वाट तिथूनच आहे. देलमोत तिच्याकडे बघून म्हणाला, "मादाम, चित्रपट तुमच्या वाक्यावर संपेल. पहिल्यापासून तसंच होतं."

तेव्हा कॅमेरावाला पुढं आला. त्याला ब्रिव्हालचं काही पडलं नव्हतं. आपलं चांगलं काम फुकट जातं, याचं वाईट वाटत होतं. "पाचवा टेक छापू या की. मी सांगतो, नाही पाहिलं त्यांनी. माझा डोळा होता भिंगामागं."

देलमोत थकला होता. कुठला शेवट राहतो यात त्याला आता फारसा रस उरला नव्हता, आणि निर्मात्याची बायको खूश झाली असती. तो वळला. "मोस्यू ब्रिव्हाल, नीट आठवून सांगा. खरंच पाहिलं होतंत? नसेल तर तो टेक छापतो. आत्ता. तुमची एक्झिट राहील."

सगळे थांबले होते. दिवेवाले हातात तारांची वेटोळी घेऊन, इरेन स्पंज घेऊन. ब्रिव्हालसमोर त्याची एक्झिट होती. 'नाही' असा एक शब्द उच्चारायचा होता. पण 'नाही' म्हणजे मघाशी खोटं बोललो. का बोललो, हे कुणीतरी विचारणार. आणि ओर्तांस तिथंच उभी होती.

"ओक्ताव्ह," ती म्हणाली, "मी तुझ्याकडेच बघत होते."

ती हे मदत म्हणून म्हणाली. 'चूक झाली, नव्हतं पाहिलं' एवढं म्हणायला तिनं त्याला दार उघडून दिलं होतं. त्यात टोमणा नव्हता, ती टोमणे मारत नाही. दुसरा कुणीही माणूस त्या दारातून गेला असता. हलकट माणूससुद्धा गेला असता, कारण फायदा तिकडेच होता. पण ब्रिव्हालला फायद्यापेक्षाही स्वतःबद्दलचं मत जास्त प्यारं होतं, आणि त्या मतात जपण्यासारखं काही नव्हतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"पाहिलं होतं," तो म्हणाला. "नटाला कळतं."

"बरं," ओर्तांस म्हणाली आणि गेली.

देलमोतनं खांदे उडवले. सहायकानं फिल्मच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पाचवा टेक धुतला जाईल, पण छापला जाणार नाही. न छापलेल्या टेकचं पुढं काय होतं याची चौकशी कुणी करत नाही.

साडेआठच्या सुमाराला ब्रिव्हाल बातिन्योलच्या कॅफेत शिरला. कोट नोकराचा नव्हता, पण चाल अजून नोकराची होती. कोळसेवाल्यानं पांढऱ्या वाइनचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"मग? झाली का एक्झिट?"

"एका टेकमध्ये," ब्रिव्हाल म्हणाला. "दिवेवाले हसून लोळले. वरून एक पडायचा राहिला."

"वा! म्हणजे शेवट तुझाच?"

"तसा माझाच. आता ते कापतील, जोडतील, ते त्यांचं काम. सिनेमावाल्यांना नट कळत नाही. शेवटी ती म्हातारी दाखवली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तिची कोणाशी ओळख आहे म्हणतात."

ओर्तांस लाकाझची कुणाशीही ओळख नाही. हे तो येताना गाडीत ठरवून आला होता, की तिथंच पेला हातात असताना त्याला सुचलं, हे सांगता येत नाही. एवढं खरं, की पेला संपेपर्यंत त्याचा त्यावर विश्वास बसलेला होता.

फेर्नांद कॅफेच्या दारात उभी होती. ती त्याला जेवायला बोलवायला आली होती; ऐकत किती वेळ होती कोण जाणे.

"दिवेवाले हसले?" तिनं विचारलं.

"लोळले."

"आणि ते सगळं फिल्मवर ऐकू नाही येणार?"

कॅफेचा मालक पेले पुसायचा थांबला. न्हाव्यानं कोळसेवाल्याकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

"तुला यातलं काय कळतं," ब्रिव्हाल म्हणाला.

"मला काही कळत नाही," फेर्नांद म्हणाली. "चल. मटण-घेवडा गार होतोय. पुन्हा गरम करणार नाही मी."

ती पुढं आणि तो मागं असे दोघं रस्ता ओलांडून गेले. पेला कोळसेवाल्याच्या नावावर मांडला गेला.

उद्या गुरुवार. सकाळी आठ वाजता सुतार स्टुडिओत येतील आणि कारखानदाराचा दिवाणखाना उतरवतील: आधी छताचं कापड, मग दारं, शेवटी भिंती. दुपारी बाराला त्याच जागेवर दुसऱ्या चित्रपटासाठी रेल्वेस्थानकाचा फलाट उभारायला घेतील. ब्रिव्हालला उद्या बोलावलेलं नाही.